हात, अंगुळ आणि इंच : परिमाणांच्या रूपांतराचा प्रश्न

संस्कृत व फार्सी ग्रंथांच्या आधुनिक भाषांतरांत 'वितस्ति म्हणजे 9 इंच', 'हस्त म्हणजे 18 इंच' अशी समीकरणे सर्रास आढळतात. अंगुळ पाऊण इंचाचे धरल्यास हे गणित बरोबर आहे. मात्र त्यावरून हस्त हे एकच स्थिर परिमाण होते असा जो समज होतो, त्याला मूळ संहितांचा आधार नाही.

कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात अंगुळाची व्याख्या दुहेरी आहे : 8 यवमध्ये, किंवा मध्यम पुरुषाच्या मधल्या बोटाच्या मध्यभागाची रुंदी. हा 'मध्यम पुरुष' कोणी विशिष्ट व्यक्ती नव्हे. शरीर येथे आधीच प्रमाणित झालेले आहे. पुढे 24 अंगुळांचा प्राजापत्य हस्त सांगितला आहे. परंतु कुरणे मोजण्याचा हस्त 28 अंगुळांचा, सुतारांचा किष्कु 42 अंगुळांचा आणि वनातील मालाचा हस्त 54 अंगुळांचा आहे. वरील हिशेबाने ही मापे अनुक्रमे 18, 21, साडेएकतीस आणि साडेचाळीस इंच भरतात. म्हणजे काय मोजायचे आहे, यावर हाताची लांबी ठरत असे.

रूपांतर हे निरुपद्रवी नसते, हे इलाही गजाच्या इतिहासातून स्पष्ट होते. आईन-इ-अकबरीनुसार हा गज 41 अंगुळांचा, आणि 60 गज लांब व 60 गज रुंद क्षेत्राचा एक बिघा. पाऊण इंची अंगुळाने गज पावणेएकतीस इंचांचा होतो व बिघा सुमारे 2627 चौरस यार्डांचा. 19व्या शतकाच्या पूर्वार्धात कंपनी सरकारने उत्तर हिंदुस्थानात हा गज 33 इंचांचा ठरविला. त्यामुळे बिघा नेमका 3025 चौरस यार्ड, म्हणजे एकराचा पाच-अष्टमांश झाला. हा अपूर्णांक इंग्रजी हिशेबाला सोयीचा होता. दोन्ही मूल्यांतील तफावत सुमारे 15 टक्के आहे. जमीनमहसूल क्षेत्रावर आकारला जात असता, अंगुळाचे मूल्य ठरविणे हा केवळ अंकगणिताचा प्रश्न उरत नाही.

मराठी गद्यातही असाच पुरावा आहे. 1694च्या सुमारास जिंजी येथे लिहिलेल्या सभासद बखरीत शिवकालीन जमीनमोजणीची काठी 5 हात 5 मुठींची सांगितली आहे. ही काठी फुटांत मांडताना भाषांतरकाराला हाताचे व मुठीचे मूल्य स्वतःच निवडावे लागते. आणि वाचकाला निष्कर्षाचा आकडा दिसतो, निवड दिसत नाही.

तेव्हा तौलनिक अभ्यासकाने परिमाणाला शब्दाइतकेच संदर्भबद्ध मानणे आवश्यक आहे. 'हस्त' हा शब्द संहितेत तसाच ठेवावा. कोणता हस्त, कशासाठी आणि कोणत्या अंगुळाने, याचा खुलासा टीपेत करावा. इंच त्यानंतर यावेत. अन्यथा परिमाणासोबत ते वापरणारी व्यवस्थाही भाषांतरातून नाहीशी होते.