पालवा बंदर: स्वागताची कमान, निरोपाची वाट

१/४ पंचम जॉर्ज गेटवे ऑफ इंडियाखालून मुंबईत आले, हा समज चुकीचा आहे. २ डिसेंबर १९११ रोजी ते अपोलो बंदरावर, म्हणजेच पालवा बंदरावर, उतरले तेव्हा ही कमान नव्हतीच. ताजमहाल हॉटेल मात्र १९०३ पासून उभे होते.

२/४ पायाभरणी १९१३ मध्ये झाली. जॉर्ज विटेट यांचा आराखडा १९१४ मध्ये मंजूर झाला. भराव घालून पिवळसर बेसॉल्टची कमान उभारली गेली. उद्घाटनास ४ डिसेंबर १९२४ उजाडला.

३/४ चोवीस वर्षेही भरली नव्हती, तोच २८ फेब्रुवारी १९४८ रोजी सॉमरसेट लाइट इन्फन्ट्रीची अखेरची ब्रिटिश तुकडी याच कमानीतून मायदेशी परतली.

४/४ १९६१ च्या प्रजासत्ताकदिनी समोर शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला. साम्राज्याने बांधलेल्या दाराला नवा धनी लाभला.