घाटरस्ता आणि संयोगदांड्याची निवड : जव्हार-मोखाड्याच्या संदर्भात

महाराष्ट्रातील यंत्रोद्योगाचा इतिहास बहुधा कारखान्यांच्या स्थापनेच्या क्रमाने सांगितला जातो. १९४४ मध्ये वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा पाया घातला. १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल एंजिन्स व १९६१ मध्ये भारत फोर्ज हे उद्योग पुण्यात उभे राहिले. परंतु ही एंजिने ज्या रस्त्यांवर राबणार होती, त्या रस्त्यांनी त्यांच्या अंतर्भागांकडून कोणती अपेक्षा केली, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. जव्हार व मोखाडा हे तालुके त्याच्या विचारास विशेष सोयीचे आहेत.

मुकणे घराण्याचे जव्हार संस्थान १९४८ मध्ये विलीन होऊन ठाणे जिल्ह्याचा भाग बनले. २०१४ पासून हा प्रदेश पालघर जिल्ह्यात मोडतो. १८६५ मध्ये थळ घाटातून इगतपुरीकडे चढलेला लोहमार्ग मोखाड्याच्या बाजूने निघून गेला. या दोन तालुक्यांत तो कधीच आला नाही. परिणामी एस. टी., मालमोटार आणि जीप यांवरच येथील दळणवळण अवलंबून राहिले. एंजिन निकामी होणे ही येथे केवळ खर्चाची बाब नाही. रुग्ण, बाजार आणि शाळा यांच्याशी असलेला संबंधच त्यामुळे तुटतो.

एंजिनातील सर्वांत घातक मोड संयोगदांड्याची, म्हणजे कारागिरांच्या भाषेत कनेक्टिंग रॉडची. तुटलेला दांडा बहुधा सिलिंडरचा ठोकळाच फोडून बाहेर येतो. या दांड्यावर दोन विरुद्ध प्रकारचे भार पडतात. चढावर इंधनाच्या ज्वलनाचा दाब त्याला दाबतो व वाकवू पाहतो. उतारावर खालच्या गियरमध्ये चाकेच एंजिनाला फिरवू लागतात. तेव्हा फेऱ्यांवर इंधनाच्या नियंत्रणाचा अंमल राहत नाही. निष्कास-धावेच्या अखेरीस दट्ट्या वरच्या टोकाशी थांबून उलट वळतो. त्या क्षणी त्याच्यावर वायूचा पुरेसा दाब नसल्यामुळे त्याचे सारे जडत्व दांड्याला ताणते. हा ताण फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. विलिस जीपच्या एंजिनात दट्ट्याची धाव सुमारे १११ मिलिमीटर आहे. तेथे ये-जा करणाऱ्या प्रत्येक किलोग्रॅम वस्तुमानामागे मिनिटाला २,००० फेऱ्यांना सुमारे ३०० किलोग्रॅम-भार इतका ताण येतो. ४,००० फेऱ्यांना तोच सुमारे १,२०० होतो. दांड्याची खरी परीक्षा चढापेक्षा उतारावर होते, असे म्हणावयाचे ते याच अर्थाने.

अशा भाराचे शास्त्र रेल्वेतून आले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास प्रशियातील अभियंता आउगुस्ट व्होलर याने रेल्वेच्या आसांवर प्रयोग केले. एका वेळी सहज पेलता येणारा भार वारंवार पडल्यास पोलाद मोडते, हे त्याने दाखवून दिले. हाच धातूचा शिणवटा होय. चार धावांच्या एंजिनात २,००० फेऱ्यांच्या वेगाने तासाला ६०,००० ताण-आवर्तने होतात. ५,००० तासांत ती ३० कोटी भरतात. म्हणून दीर्घायुषी एंजिनासाठी दांडा निवडताना त्याचे एकवेळचे बळ पाहणे पुरेसे नसते.

या कसोटीवर पदार्थांची क्रमवारी बदलते. ॲल्युमिनियमचा दांडा हलका असतो, परंतु या धातूस शिणवट्याची निश्चित सुरक्षित मर्यादा नाही. शर्यतीत तो शोभतो, वर्षानुवर्षांच्या वाहतुकीत नाही. टायटॅनियम हलके व बळकट खरे. पण ते महाग असून पृष्ठभागावरील ओरखडा त्यास फार बाधतो. निकेल-क्रोमियम-मॉलिब्डेनम पोलादाचा घडीव दांडा म्हणूनच वाढीव शक्तीच्या एंजिनास अधिक विश्वसनीय ठरतो. घडाईत धातूचे तंतू दांड्याच्या आकाराला अनुसरून वळतात. अखंड पट्टीतून कोरताना ते कापले जातात. छेद आय् आकाराचा की एच् आकाराचा, हा वाद त्या मानाने गौण आहे. दोन्ही प्रकारचे दांडे योग्य रीतीने घडविल्यास टिकतात.

त्याहून निर्णायक असतात ते बोल्ट. मोठ्या टोकाची टोपी धरून ठेवणारा बोल्ट पुरेसा ताणून आवळला नसेल, तर प्रत्येक फेरीत टोपी किंचित उघडते आणि बोल्टच शिणतो. सर्व दांड्यांची वजने जुळविणे, पृष्ठभागावर पोलादी छऱ्यांचा मारा करून तेथे दाबाचा थर निर्माण करणे, तेलाची फट योग्य राखणे, यांचेही महत्त्व तितकेच. मूळ दांडा निर्दोष असेल व फेऱ्यांची मर्यादा वाढवावयाची नसेल, तर नव्या बोल्टांसह तोच वापरणे पुष्कळदा शहाणपणाचे ठरते.

तात्पर्य, संयोगदांड्याच्या प्रगतीचा इतिहास हा अधिकाधिक कठीण धातूंच्या शोधाचा इतिहास नव्हे. तो शिणवट्याच्या आकलनाचा इतिहास आहे. ते आकलन प्रयोगशाळेत सिद्ध झाले, कारखान्यांत रूढ झाले. परंतु त्याचे मोल मोजले जाते ते जव्हार-मोखाड्यासारख्या प्रदेशात, जेथे घाटाच्या वळणावर थांबलेल्या वाहनामागून दुसरे वाहन लवकर येत नाही.