कुरण व्यवस्थापन संशोधन व विस्तारकार्य, अमेरिकेतील

नैसर्गिक गवताळ जमिनीची उत्पादकता टिकवून तीवर जनावरे चारण्याच्या शास्त्रास कुरण व्यवस्थापन म्हणतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या पश्चिम व नैर्ऋत्य भागांत या शास्त्राचा पद्धतशीर विकास झाला. गवताच्या ऱ्हासातून तेथे संशोधन केंद्रे निघाली. मात्र त्यांचे निष्कर्ष पशुपालकांच्या गळी उतरण्यास दीर्घकाळ लागला.

पार्श्वभूमी : यादवी युद्धानंतर (१८६१–६५) टेक्ससपासून उत्तरेच्या मैदानांपर्यंत गुरांचे कळप मोकळ्या सरकारी जमिनीवर चरत असत. गवत कोणाच्याच मालकीचे नसल्याने ते राखण्यात कोणालाही लाभ नव्हता. १८७४ मध्ये जोसेफ ग्लिडन यांना काटेरी तारेचे एकस्व मिळाले आणि कुंपणे वाढली. परंतु कुंपणाच्या आत किती जनावरे ठेवावीत, याचे ज्ञान कोणासही नव्हते. १८८६-८७ च्या हिवाळ्यात उत्तरेच्या मैदानांत आणि १८९१–९३ च्या अवर्षणात ॲरिझोनामध्ये गुरे मोठ्या संख्येने मेली. कृषिखात्यासाठी एच्. एल्. बेंटली यांनी १८९८ मध्ये नैर्ऋत्येकडील कुरणे क्षीण होण्याचा इतिहास व ती सुधारण्याचे उपाय मांडले. टेक्ससमधील ॲबिलीन येथे त्यांनी त्याच सुमारास प्रयोगही केले.

संशोधन केंद्रे : १८८७ च्या हॅच अधिनियमाने राज्यांतील कृषी प्रयोग केंद्रांना संघराज्याचे अनुदान मिळू लागले. ॲरिझोनात सांता रीता (१९०३) व न्यू मेक्सिकोत होर्नाडा (१९१२) ही विस्तीर्ण क्षेत्रे केवळ कुरणांच्या अभ्यासासाठी राखून ठेवण्यात आली. यूटामध्ये अतिचराईने उघड्या पडलेल्या डोंगरउतारांवरून खालच्या गावांत पूर येऊ लागल्याने १९१२ मध्ये ईफ्रेइम खोऱ्यात केंद्र स्थापन झाले. त्याचे पहिले संचालक आर्थर सॅम्पसन यांनी गवताचे बी पिकेपर्यंत कुरणाच्या एका भागात चराई लांबणीवर टाकण्याची पद्धत पुरस्कारिली. त्यांचे १९२३ मधील पुस्तक या विषयाचे आरंभीचे पाठ्यपुस्तक होय.

सैद्धांतिक बैठक : फ्रेडरिक क्लेमेंट्स यांनी १९१६ मध्ये वनस्पति-अनुक्रमणाचा सिद्धांत मांडला. त्याच्या आधारे १९४९ मध्ये डाइक्‌स्टरहाउस यांनी वनस्पतींचे तीन गट केले : चराईने घटणाऱ्या, चराईने प्रथम वाढणाऱ्या आणि बाहेरून शिरकाव करणाऱ्या. मूळ वनस्पतींचे प्रमाण किती उरले, यावरून कुरणाची उत्तम, चांगली, मध्यम वा निकृष्ट अशी प्रत ठरू लागली. १९५५ मध्ये क्रायडर यांनी दाखविले की, गवताच्या पानोऱ्याचा निम्मा वा त्याहून अधिक भाग छाटल्यास बहुतेक गवतांच्या मुळांची वाढ काही काळ थांबते. ‘निम्मे घ्यावे, निम्मे ठेवावे’ या प्रचलित नियमास त्यामुळे प्रायोगिक आधार लाभला.

विस्तारकार्य : १९१४ च्या स्मिथ–लीव्हर अधिनियमाने विद्यापीठांतील ज्ञान शेतकऱ्यांपर्यंत नेणारी विस्तारसेवा उभी राहिली. १९३० नंतरच्या दशकातील धुळीच्या वादळांमुळे या कार्यास निकड आली. १९३४ च्या टेलर चराई अधिनियमाने सरकारी जमिनीवरील चराई परवान्याखाली आली. १९३५ मध्ये मृदा संधारण सेवा स्थापन झाली. टेक्ससमधील बहुतेक जमीन मात्र खाजगी असल्याने तेथे सक्तीपेक्षा प्रात्यक्षिकावरच भर द्यावा लागला. एडवर्ड्‌झ पठारावरील सोनोरा येथील केंद्रास विधिमंडळाने १९१५ मध्ये मान्यता दिली. मेंढ्या-शेळ्यांच्या तोंडावर खपल्या आणणाऱ्या सांसर्गिक रोगावरील लशीचे काम या केंद्रात झाले. पशुपालकांच्या नित्याच्या अडचणींशी अशा प्रकारे जोडलेल्या या केंद्रात १९४९ मध्ये लिओ मेरिल यांनी चार कुरणे व तीन कळप यांची पद्धत सुरू केली. तीत प्रत्येक कुरण बारा महिने चरविले जाई व पुढील चार महिने त्यास विसावा मिळे. चार वर्षांत हा विसावा क्रमाने प्रत्येक ऋतूत येई. गुरे, मेंढ्या व शेळ्या एकत्र पाळणाऱ्या त्या प्रदेशास ती सोयीची ठरली. १९४८ मध्ये कुरण व्यवस्थापनाची व्यावसायिक संस्था स्थापन होऊन संशोधक व पशुपालक यांना समान व्यासपीठ मिळाले.

मर्यादा व पुनर्विचार : विसावा दिल्यास कुरण पूर्ववत होते, ही धारणा सर्वत्र टिकली नाही. होर्नाडा येथे जनावरांना मज्जाव असलेल्या तुकड्यांतही ब्लॅक ग्रॅमा गवताची जागा मेस्कीटने घेतली. मेस्कीट हे महाराष्ट्रातील वेड्या बाभळीचे जवळचे नातलग होय. १९८९ मध्ये वेस्टोबी, वॉकर व नॉय-मेअर यांनी मांडले की, कुरणे एका स्थितीतून दुसरीत जातात व केवळ चराई थांबवून परत येतीलच असे नाही. २००८ मध्ये ब्रिस्की व त्यांचे सहकारी यांनी पूर्वीच्या प्रयोगांचा आढावा घेतला. आलटून-पालटून चराई ही सततच्या चराईपेक्षा वनस्पतींच्या वा जनावरांच्या उत्पादनात सामान्यतः सरस ठरल्याचे त्यांना आढळले नाही. जनावरांची संख्या हाच अधिक निर्णायक घटक दिसून आला. मात्र पद्धतीचा लाभ झाल्याचे सांगणारे पशुपालक पाऊस व गवत पाहून जनावरे सतत कमी-अधिक करतात. ठरीव आराखड्याच्या प्रयोगांत या निर्णयास वाव नव्हता. त्यामुळे त्यांचा अनुभव व प्रयोगांचे निष्कर्ष यांतील विसंगती काही अंशी समजू शकते.

भारतातील संदर्भ : भारतात १९६२ मध्ये झांशी येथे भारतीय चराऊ कुरण व चारा संशोधन संस्था स्थापन झाली. दबडघाव व शंकरनारायण यांनी १९७३ मध्ये देशातील तृणावरणाचे पाच प्रकार वर्णिले. दख्खनचे पठार त्यांतील पवन्या–मारवेल गटात मोडते. येथील गायराने सामाईक असून धनगरांसारखे पशुपालक ऋतूनुसार स्थलांतर करतात. त्यामुळे कुंपणावर आधारलेली अमेरिकन पद्धत येथे जशीच्या तशी लागू पडत नाही. गवताच्या उपलब्धतेनुसार जनावरांची संख्या राखणे आणि निर्णयात चारणाऱ्यास सहभागी करून घेणे, ही दोन तत्त्वे मात्र दोन्हीकडे सारखीच महत्त्वाची आहेत.