वेशभूषाचित्रण, जलरंगातील

मानवी शरीरावर परिधान केलेली वस्त्रे, त्यांची नेसण, पोत, रंग व अलंकरण यांचे जलरंगांच्या साहाय्याने केलेले चित्रण. यात दोन प्रकार अंतर्भूत होतात : प्रचलित वा लुप्तप्राय पेहरावाची नोंद करणारे चित्रण आणि अद्याप न शिवलेल्या नव्या पोशाखाची कल्पना मांडणारे चित्रण. दुसऱ्या प्रकारास व्यवहारात ‘फॅशन-चित्रण’ असे म्हणतात. दोहोंचे हेतू भिन्न असले, तरी त्यांचा उगम बव्हंशी एकच आहे. नवा पोशाख कल्पिणारा चित्रकार आपली स्फूर्ती प्रत्यक्ष पाहिलेल्या वस्त्रातून, काव्यातील वा बोलीतील वर्णनातून आणि पूर्वसूरींच्या चित्रांतून घेत असतो. वस्त्र, शब्द व चित्र ही तिन्ही साधने महाराष्ट्रात विपुल आढळतात. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील संगमनेर व त्याभोवतालचा प्रदेश या दृष्टीने विशेष उद्‌बोधक आहे.

तंत्र : जलरंगांचे पारदर्शक व अपारदर्शक असे दोन प्रकार आहेत. पारदर्शक पद्धतीत कागदाचा पांढरेपणा हाच प्रकाशाचे कार्य करतो. उजळ भाग कोरा सोडून गडद भाग एकावर एक दिलेल्या पातळ रंगलेपांनी साधतात. अपारदर्शक पद्धतीत रंगात पांढरा रंग मिसळून दाट लेप देतात. भारतीय लघुचित्रे या पद्धतीची आहेत. तलम वस्त्रातून दिसणारी अंगकांती, पदराच्या दुहेरी थरामुळे गडद होणारा रंग, ओल्या कपड्याची झिलई हे परिणाम पारदर्शक रंगांत सहजपणे साधतात. जाड सुती लुगड्याच्या घड्या कोनयुक्त पडतात, तर रेशमी वस्त्राच्या घड्या गोलाईने वळतात. म्हणून पहिल्यासाठी कोरड्या कागदावरील ठळक कडांचा आणि दुसऱ्यासाठी ओल्या कागदावर पसरणाऱ्या रंगाचा अवलंब करतात. जर दाखविण्यासाठी सोनेरी रंग वापरण्याऐवजी पिवळ्या मातकट छटेत कोरे ठिपके सोडल्यास चकाकीचा भास अधिक होतो. जलरंगात दुरुस्तीला वाव कमी असल्याने कुंचला टेकविण्यापूर्वी वस्त्राची रचना चित्रकारास पूर्णपणे उमगलेली असावी लागते. या प्रकारात निरीक्षणाला जे महत्त्व आहे, त्याचे मूळ या तांत्रिक गरजेत आहे.

पाश्चात्त्य परंपरा : यूरोपात सोळाव्या शतकापासून निरनिराळ्या देशांच्या पोशाखांचे चित्रसंग्रह निघू लागले. चेझारे व्हेचेल्ल्यो या इटालियन चित्रकाराचा असा संग्रह १५९० मध्ये प्रसिद्ध झाला. नव्या पोशाखांची हाताने रंगविलेली छापील चित्रे अठराव्या शतकाच्या अखेरीस लोकप्रिय झाली. निकोलाउस हायडेलॉफ याचे लंडनमधील गॅलरी ऑफ फॅशन (१७९४–१८०३) हे नियतकालिक त्यांचा उत्कृष्ट नमुना होय. पॅरिसमधील गॅझेत द्यू बाँ ताँ (१९१२–२५) या नियतकालिकाने कापलेल्या साच्यांमधून हाताने जलरंग भरण्याच्या पद्धतीने फॅशन-चित्राला स्वतंत्र कलाकृतीची प्रतिष्ठा मिळवून दिली. पुढे छायाचित्रणाने या चित्रांची जागा घेण्यास प्रारंभ केला. व्होग मासिकाचे पहिले रंगीत छायाचित्राचे मुखपृष्ठ १९३२ साली निघाले. तथापि पोशाखाचा आराखडा तयार करण्यासाठी जलरंगाचा वापर चालूच राहिला.

निजामशाहीतील चित्रे : संगमनेर ज्या निजामशाही राज्यात (१४९०–१६३६) मोडत होते, त्या राज्यातच दख्खनी चित्रशैलीचा एक आद्य नमुना निर्माण झाला. हुसेन निजामशाहाच्या (कार. १५५३–६५) स्तुतिपर आफताबी या कवीने रचलेल्या तारीफ-इ-हुसेनशाही या फार्सी काव्याची सचित्र प्रत पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रही असून तीत बारा चित्रे उपलब्ध आहेत. ही प्रत सु. १५६५–६९ या काळातील मानतात. चित्रे लघुचित्र पद्धतीची व दाट रंगांतील आहेत. वेशभूषेच्या अभ्यासकाला त्यांतील स्त्रिया विशेष महत्त्वाच्या वाटतात. त्यांची चोळी आणि टोकाला गोंडे बांधलेल्या लांब वेण्या माळव्याकडील उत्तरेच्या प्रथेशी मिळत्याजुळत्या आहेत, तर कमरेखालून शरीराभोवती घेतलेला लांब शेला लेपाक्षी येथील भित्तिचित्रांप्रमाणे दक्षिणी वळणाचा आहे. उत्तर व दक्षिण यांच्या सीमेवरील प्रदेशात दोन्हींकडील पेहराव कसे एकत्र आले, याचा हा चित्ररूप पुरावा होय. एका चित्रात स्त्रीच्या स्पर्शाने वृक्ष फुलतो, या दोहदाच्या भारतीय कल्पनेचा आविष्कार आहे.

राजाशेजारी दाखविलेली राणी खुंझा हुमायून हिची आकृती मात्र पुढे कोणीतरी रंग फासून पुसून टाकली आहे. परिणामी दरबारातील दासींचा पेहराव आज पाहता येतो. परंतु ज्या राणीच्या गौरवासाठी तो दरबार रंगविला गेला, तिच्या रूपाचा व पोशाखाचा बोध होत नाही.

पेशवेकाळ : पारदर्शक जलरंगांचे यूरोपीय तंत्र मराठी चित्रकारांना अठराव्या शतकाच्या अखेरीस परिचित झाले. स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स १७९२ मध्ये पुण्यास आला. इंग्रज वकील सर चार्ल्स मॅलेट याच्या पुढाकाराने व सवाई माधवरावांच्या अनुमतीने पुण्यात त्याने स्थानिक कलावंतांना चित्रकलेचे शिक्षण दिले. त्याच्या हाताखाली तयार झालेल्या गंगाराम तांबट याची रेखाटने व जलरंगचित्रे अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलाकेंद्रात आहेत. वेरूळची लेणी, पेशव्यांच्या शिकारखान्यातील प्राणी, तसेच व्यायामपटू त्याने चितारले. वेल्सच्या व्यक्तिचित्रांतून पेशवे व नाना फडणीस यांची पागोटी, अंगरखे व शेले यांचा तपशील हाती लागतो. मात्र सर्वसामान्य स्त्रीपुरुषांचा पोशाख या दरबारी चित्रांच्या कक्षेत फारसा आला नाही.

ही उणीव काही अंशी शाहिरी वाङ्‌मय भरून काढते. संगमनेरचे शाहीर अनंत फंदी (१७४४–१८१९) हे याच काळातील होत. लावणी या रचनाप्रकारात नायिकेच्या साजशृंगाराचे वर्णन नखशिखान्त करण्याचा प्रघात आहे. वस्त्राचा रंग, काठाची जात, चोळीचा बेत, नथ व बुगडी असा क्रम त्यात आढळतो. चित्रकाराच्या दृष्टीने अशा वर्णनाचा विशेष हा, की त्यात वस्त्र स्थिर नसते. चालताना होणारी निऱ्यांची हालचाल, सावरला जाणारा पदर, मान वळताच हेलावणारा अलंकार यांचे भान शब्द देतात. पोशाख शरीराच्या गतीसह रेखाटण्याची जी अपेक्षा आधुनिक फॅशन-चित्राकडून केली जाते, तिचे शब्दरूप लावणीत पूर्वीच सिद्ध झाले होते.

हातमाग व लुगडे : प्रवरा व म्हाळुंगी या नद्यांच्या संगमावर वसलेले संगमनेर हे हातमागावर लुगडी विणणारे गाव म्हणून परिचित होते. पैठणीच्या विणकामासाठी प्रसिद्ध असलेले येवलेही याच टापूच्या उत्तरेस, नासिक जिल्ह्यात आहे. दरबारी पैठणी आणि नित्य वापराचे सुती लुगडे या वस्त्रपरंपरेच्या दोन टोकांचा अभ्यास त्यामुळे येथे एकत्रितपणे करता येतो. नऊवारी लुगडे न शिवलेले असल्याने त्याचा आकार नेसणारी व्यक्ती ठरविते. कासोटा घट्ट की सैल, निऱ्या किती, पदर डोक्यावरून की कमरेशी खोचलेला, यांवरून तिचे काम, वय व प्रसंग यांचा बोध होतो. शेतात खुरपणी करणारी, नदीवर धुणे धुणारी आणि देवदर्शनास निघालेली स्त्री यांचे वस्त्र एकाच मागावरचे असले, तरी त्याची चित्रे तीन वेगवेगळी होतात. शिवलेल्या पोशाखाचे चित्रण करताना शिंप्याच्या कापणीचा अभ्यास करावा लागतो. लुगड्याच्या बाबतीत तो नेसणीचा करावा लागतो.

गिरणीच्या व पुढे यंत्रमागाच्या कापडामुळे दख्खनमधील हातमागाचा धंदा क्षीण झाला आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नित्य वापरातून नऊवारीही मागे पडत गेली. नित्य वापराचे वस्त्र झिजेपर्यंत नेसले जाते, मग त्याची गोधडी होते. ते संग्रहालयात क्वचितच पोहोचते. पैठणी पिढ्यान्‌पिढ्या पेटीत जपली जाते, तसे या लुगड्याचे होत नाही. त्याच्या इतिहासासाठी म्हणूनच जलरंगचित्रांना असाधारण मोल आहे.

धुरंधर व त्यांचा काळ : मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत (स्थापना १८५७) जॉन ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. प्राचीन वस्त्रप्रावरणांकडे बारकाईने पाहण्याची सवय या कार्यातून कलाशाळेत रुजली. याच संस्थेत १८९० साली दाखल झालेले आणि पुढे तेथेच अध्यापन करून उच्च पदावर पोहोचलेले महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) हे महाराष्ट्रातील वेशभूषाचित्रणाचे सर्वश्रेष्ठ प्रतिनिधी होत. कोल्हापुरात जन्मलेल्या धुरंधरांनी मुंबईच्या रस्त्यांवरील व घरांतील माणसे असंख्य रेखाटनांत टिपली. एस. एम. एडवर्ड्‌स यांचे बायवेज ऑफ बाँबे (१९१२) आणि सी. ए. किंकेड यांचे डेक्कन नर्सरी टेल्स (१९१४) या पुस्तकांसाठी त्यांनी चित्रे काढली. ऑटो रॉथफील्ड यांच्या विमेन ऑफ इंडिया (१९२०) या ग्रंथातील रंगीत चित्रमालेत त्यांनी विविध प्रांतांतील स्त्रिया त्यांच्या वेशासह रंगविल्या.

या चित्रांत पार्श्वभूमी मोजकी असून दृष्टी आकृतीवर स्थिरावते. काठाची रुंदी, नेसणीची दिशा, पायांतील वाळे यांविषयी चित्रकार काटेकोर आहे. तरीही शरीराचा डौल हरवलेला नाही. राजा रविवर्मा यांच्या शिलामुद्रित चित्रांनी पौराणिक नायिकांना महाराष्ट्रीय वळणाची साडी नेसविली. धुरंधरांनी साडी पुन्हा बाजारात, पाणवठ्यावर व देवळाच्या वाटेवर आणली. जलरंगाच्या लवचिक क्षमतेचा दुसरा पैलू सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) यांच्या म्हैसूर येथील जगन्मोहन राजवाड्यातील सुप्रसिद्ध ‘दीपधारिणी’त दिसतो. हातातील दिव्याच्या प्रकाशात उजळलेल्या साडीचे हे चित्र त्यांना दिवाळीत दिवा घेतलेल्या आपल्या कन्येस पाहून सुचले. कलावंताची स्फूर्ती घरातील नित्याच्या दृश्यात कशी दडलेली असते, याचे ते बोलके उदाहरण होय.

नोंदीकडून निर्मितीकडे : नव्या पोशाखाची कल्पना मांडणाऱ्या चित्रणाचा मराठी भाषकांतील विकास भानू अथैया (१९२९–२०२०) यांच्या कार्यात स्पष्ट होतो. पूर्वाश्रमीच्या भानुमती राजोपाध्ये यांचा जन्म कोल्हापुरात झाला. त्यांचे वडील अण्णासाहेब हे चित्रकार होते. सर ज. जी. कलाशाळेत त्यांनी सुवर्णपदक मिळविले आणि प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्‌स ग्रुपच्या १९५३ मधील प्रदर्शनात भाग घेतला. स्त्रियांसाठी निघणाऱ्या ईव्हज वीकली या नियतकालिकात त्या फॅशन-चित्रे काढीत. त्या चित्रांवरून प्रत्यक्ष पोशाख तयार करण्याची संधी त्यांना मिळाली आणि तेथून त्या चित्रपटांच्या वेशभूषेकडे वळल्या. सी. आय. डी. (१९५६) हा त्यांचा प्रारंभीचा महत्त्वाचा चित्रपट होय. आम्रपाली (१९६६) या चित्रपटातील पोशाखांसाठी त्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचा आधार घेतला. ग्रिफिथ्स यांच्या विद्यार्थ्यांनी ज्या चित्रांच्या प्रतिकृती केल्या होत्या, त्यांतूनच सु. ऐंशी वर्षांनी नवे पोशाख निर्माण झाले. गांधी (१९८२) या चित्रपटाच्या वेशभूषेसाठी त्यांना जॉन मोलो यांच्यासमवेत १९८३ मध्ये ऑस्कर पारितोषिक मिळाले. हा सन्मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय होत. द आर्ट ऑफ कॉस्च्युम डिझाइन (२०१०) या ग्रंथात त्यांनी आपल्या कार्याचा आढावा घेतला आहे.

मूल्यमापन : वेशभूषाचित्रांकडे पुरावा म्हणून पाहताना त्यांच्या मर्यादाही लक्षात घ्याव्या लागतात. वासाहतिक काळातील अशा चित्रांवर जात, प्रांत वा व्यवसाय यांचे नाव असते. समोर बसलेल्या व्यक्तीचे नसते. द पीपल ऑफ इंडिया (१८६८–७५) या छायाचित्रांच्या आठ खंडांनी जो वर्गीकरणाचा पायंडा पाडला, त्याची छाया विमेन ऑफ इंडिया वरही आहे. धुरंधरांच्या कुंचल्याने त्या स्त्रियांना व्यक्तित्व दिले. ग्रंथाने मात्र त्यांना नमुन्याच्या स्वरूपात मांडले. निजामशाही चित्रांत राणीचे नाव ठाऊक आहे, पण आकृती पुसलेली आहे; रॉथफील्डच्या ग्रंथात आकृती सुस्पष्ट आहेत, पण नावे नाहीत. वस्त्र विणणाऱ्याचा उल्लेख तर दोहोंतही नाही.

भारतात राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेच्या स्थापनेनंतर (१९८६) वेशभूषा-आरेखनाचे पद्धतशीर शिक्षण सुरू झाले आणि पारंपरिक वस्त्रांपासून स्फूर्ती घेणे हा त्याचा एक भाग बनला. काठ किंवा रंगसंगती तेवढी उचलल्यास मात्र हाती केवळ सजावट लागते. धुरंधर व अथैया यांच्या कार्यातून दिसून येते, की वस्त्र कोणी विणले, ते कोण नेसते, कोणत्या कामासाठी व कोणत्या ऋतूत नेसते, याच्या जाणिवेतून आलेले चित्र नोंद म्हणूनही टिकते आणि नवनिर्मितीलाही आधार देते. संगमनेरसारख्या गावांतील जुनी लुगडी, ती विणणाऱ्यांची व नेसणाऱ्यांची माहिती आणि नेसणीचे प्रकार यांची नावानिशी सचित्र नोंद होणे या दृष्टीने अगत्याचे आहे. नऊवारी नित्य नेसणाऱ्या स्त्रियांची पिढी आता वृद्ध झाली असून, तिच्याबरोबर नेसणीचे हे ज्ञानही लोपण्याचा संभव आहे.