उजेडाचे इंधन



पडद्यावरची चांदणी रात्र आपण सर्वांनी पाहिली आहे. नायिका झाडाखाली उभी आहे, पानांतून चांदणे पाझरते आहे, सारे कसे शांत आहे. परंतु हे चांदणे पाडणारा चंद्र बहुधा डिझेलवर चालतो. चित्रणाच्या जागेपासून थोड्या अंतरावर, भिंतीआड, एक गाडी घरघरत उभी असते. धंद्यातले लोक तिला जनरेटर व्हॅन म्हणतात. चित्रपटाच्या इतिहासात नटनट्या येतात, दिग्दर्शक येतात. ही गाडी येत नाही. म्हणून आज तिचीच हकीकत सांगण्याचे आम्ही योजले आहे.

प्रारंभी या धंद्यात उजेडासाठी तेल जळत नव्हते. १८९३ साली एडिसनने अमेरिकेत वेस्ट ऑरेंज येथे चित्रणगृह उभारले. त्याचे छप्पर उघडत असे आणि सबंध इमारत गोल रुळावर फिरवून सूर्याला सामोरी करता येत असे. आपल्या दादासाहेब फाळक्यांनी दादरला ‘राजा हरिश्चंद्र’ चित्रित केला, तोही सूर्याच्याच भरवशावर. १९१३ साली तो लोकांपुढे आला. सूर्य ढगाआड गेला की काम थांबे. पण बिल येत नसे.

पुढे कार्बनचे दिवे आले. दोन कांड्यांमध्ये विजेची ज्योत पेटे. तिला एकाच दिशेने वाहणारा प्रवाह हवा असे. गावोगावी तो कोठून मिळणार? म्हणून कंपन्यांना स्वतःचे जनित्र बाळगावे लागले. त्यात रंगीत फिल्म आली. १९५० साली निघालेल्या ईस्टमन कलर फिल्मचा वेग अवघा १६ होता. म्हणजे ती उजेडाला फार सुस्त होती. ‘ब्रूट’ नावाचा एक मोठा दिवा २२५ अँपियर प्रवाह ओढी. १२० व्होल्टचा दाब धरला तर एका दिव्याला २७ किलोवॉट! असे सहा दिवे लावले की १६२ किलोवॉटची बेगमी करावी लागे. शिवाय प्रत्येक दिव्यापाशी कांड्या जुळवायला एक माणूस उभा असे.

यानंतरचा इतिहास मात्र काटकसरीला सर्वस्वी अनुकूल आहे. १९६८ साली फिल्मचा वेग १०० झाला, १९८९ साली ५००. म्हणजे चाळीस वर्षांत उजेडाची गरज सुमारे तिसाव्या हिश्श्यावर आली. जर्मनीत निघालेल्या एच.एम.आय. दिव्यांनी जुन्या तापतारेच्या दिव्यांपेक्षा तितक्याच विजेत तिप्पट-चौपट उजेड दिला. आता एल.ई.डी. आले आहेत.

मग गाडी त्या मानाने लहान का झाली नाही? हा आमच्या मते खरा ऐतिहासिक प्रश्न आहे.

याचे उत्तर आम्हाला पुस्तकात सापडले नाही. ते एका जनरेटरवाल्याने दिले. जादा वेळेच्या मजुरीच्या तंट्यासाठी आम्ही एका चित्रणस्थळी गेलो होतो. सहज विचारले, तेल किती लागते? तो म्हणाला, “भाऊ, लिटरालिटराचा हिशेब माझ्या डोक्यात आहे. यंत्र सकाळी सहाला सुरू होतं ते रात्री बंद. दिवे लागतात त्यातले चार तास. पण मला आजवर कोणी विचारलंच नाही.” कचेरीत चौकशी केली, तर तेथे फक्त एकूण बिल होते.

दुखणे नेमके येथे आहे. यंत्र भाड्याने घेताना सर्वांत जड दिवस मनात धरतात आणि हलक्या दिवशीही तेच यंत्र चालवतात. डिझेल इंजिनाला स्वतःचे चाक फिरवायलाही तेल लागतेच. एक लिटर डिझेलात सुमारे दहा युनिट उष्णता असते. यंत्र भरभक्कम भारावर असेल तर त्यातून साडेतीन युनिटांच्या आसपास वीज मिळते. चतुर्थांश भारावर अडीचच्या आसपास. शिवाय अर्धवट जळालेले तेल धुराड्यात साचून यंत्रही खराब होते. घोडा जेवायला बसलेल्या मालकासाठी दिवसभर पळत ठेवावा, तसा हा प्रकार!

हा धूर कोणाच्या छातीत जातो? नायकाच्या नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलच्या धुराची गणना कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांत केली. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट व तिच्या सहकारी संस्थांच्या २०२० सालच्या अहवालात एका मोठ्या खर्चाच्या चित्रपटामागे सरासरी २,८४० टन कर्बवायूचा हिशेब मांडला आहे. त्यात सुमारे १५ टक्के वाटा डिझेल जनरेटरांचा आहे.

उपाय अवघड नाहीत. आदल्या दिवशी दिव्यांची यादी करून भार मोजावा. एका मोठ्या यंत्राऐवजी एक मोठे, एक लहान ठेवावे. जेवणाच्या सुट्टीत मोठे बंद करावे. जवळ विजेची तार असेल तर रीतसर जोडणी घ्यावी. रात्रीच्या किरकोळ भाराला बॅटरी वापरावी. आणि मुख्य म्हणजे रोज तेलाची नोंद व्हावी, तिच्यावर जनरेटरवाल्याची व व्यवस्थापकाची, दोघांची सही असावी.

येथे आमचेच काही सोबती विचारतात, “दिवे कमी, यंत्र लहान, मग माणसेही कमी?” ही भीती पोकळ नाही. कार्बनचे दिवे गेले तेव्हा कांड्या जुळवणारे हातही गेले, आणि त्यांची कोणी वास्तपुस्त केली नाही. म्हणून आम्ही काटकसरीला विरोध करीत नाही, तिच्यात वाटा मागतो. वाचलेल्या तेलाच्या पैशातून नव्या दिव्यांचे शिक्षण मिळावे, धुरापासून दूर बसण्याची जागा मिळावी, आणि जो माणूस तेल वाचवतो त्याच्या मजुरीत ते दिसावे.

उजेड कोणी पाडला, हे पडद्यावर दिसत नाही. निदान हिशेबाच्या वहीत तरी ते दिसू द्या, एवढेच आमचे मागणे आहे.