ब्राऊन एल : जहाल रंगाची मवाळ बीअर

बीअर म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर फिकट सोनेरी रंग, पांढराशुभ्र फेस आणि बाटलीवर साचलेले दव उभे राहते. हे चित्र 'लागर' या प्रकाराचे. त्याचीच सवय असलेल्या व्यक्तीपुढे प्रथमच तांबूस-तपकिरी ब्राऊन एलचा पेला आला, की दोन गैरसमज हमखास होतात. रंगावरून ती जहाल असणार असे आधी वाटते आणि पहिल्या घोटानंतर ती फारच मवाळ, क्वचित बेचवही वाटते.

पहिला गैरसमज दूर करणे सोपे आहे. बीअरमधील मद्यार्क साखरेपासून तयार होतो, रंगापासून नव्हे. लंडनच्या 'मॅन्स' या जुन्या ब्राऊन एलमध्ये मद्यार्काचे प्रमाण जेमतेम २.८ टक्के असते, तर प्रसिद्ध 'न्यूकॅसल ब्राऊन एल'मध्ये ४.७ टक्के. भारतात 'स्ट्राँग' म्हणून विकल्या जाणाऱ्या फिकट बीअर याहून कितीतरी कडक असतात.

रंग येतो तो भट्टीतून. सातू म्हणजेच बार्ली भिजवून, मोड आणून वाळवली की तिचा माल्ट होतो. ब्राऊन एलमध्ये बहुतांश माल्ट साधा, फिकटच असतो. त्यात थोडा 'क्रिस्टल माल्ट' मिसळतात. हा माल्ट ओलसर असतानाच तापवलेला असल्याने दाण्यातल्या पिठाची आतल्या आत साखर होऊन ती टॉफीसारखी घट्ट झालेली असते. शिवाय चिमूटभर 'चॉकलेट माल्ट' असतो. त्यात चॉकलेट मुळीच नसते, तो फक्त त्या रंगावर येईपर्यंत भाजलेला असतो. भाजताना साखर आणि अमिनो आम्ले यांच्यात जी अभिक्रिया होते, तिचे वर्णन लुई-कामिय मेयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये केले. पोळीवरचे खरपूस डाग, पावाची कड आणि कॉफीचा दरवळ यांमागेही तीच आहे. म्हणून ब्राऊन एलची चव मराठी जिभेला वाटते तितकी परकी नाही.

इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात लाकडाच्या जाळावर वाळवलेल्या तपकिरी माल्टची बीअर सर्रास होत असे. पुढे द्रवाची घनता मोजणारे हायड्रोमीटर बीअरच्या कारखान्यांत आले आणि फिकट माल्टपासून जास्त साखर मिळते, हे आकड्यांतच दिसले. तपकिरी माल्ट मागे पडला. १८१७ मध्ये डॅनियल व्हीलरने फिरत्या पिंपात माल्ट भाजण्याचे पेटंट घेतल्यावर तर मूठभर काळ्या माल्टने हवा तो रंग आणता येऊ लागला. आजची ब्राऊन एल ही त्यानंतरची, विसाव्या शतकाच्या आरंभाच्या सुमारास बाटलीतून पुढे आलेली बीअर. लंडनची गोडसर आणि सौम्य, तर उत्तरेकडची अधिक कोरडी आणि किंचित कडक.

उत्तरेकडच्या प्रकाराचा मानदंड म्हणजे १९२७ मध्ये जिम पोर्टर यांनी सिद्ध केलेली न्यूकॅसल ब्राऊन एल. युरोपीय संघाने २००० मध्ये तिला भौगोलिक संरक्षण दिले. म्हणजे हे नाव लावायचे तर बीअर न्यूकॅसलमध्येच तयार व्हायला हवी. पण २००५ मध्ये कंपनीनेच शहरातला कारखाना बंद करून उत्पादन टाइन नदीपलीकडे गेट्सहेडला नेले. स्वतःच्याच नियमात अडकलेल्या कंपनीला ते संरक्षण रद्द करून घ्यावे लागले आणि २०१० मध्ये उत्पादन यॉर्कशरमधील टॅडकॅस्टरला गेले. बाटलीवर गावाचे नाव तेवढे उरले.

या बीअरला दुसरे आयुष्य दिले ते अमेरिकेतील छोट्या उत्पादकांनी. घरी बीअर करण्यास तेथील संघराज्याच्या कायद्याने १९७८ मध्ये मुभा मिळाली. त्या हौशी मंडळींपैकी पीट स्लॉसबर्ग यांनी १९८६ मध्ये 'पीट्स विकेड एल' बाजारात आणली. अमेरिकी ब्राऊन एलमध्ये हॉप्सचा कडवटपणा आणि गंध अधिक असतो. पुढे त्याहूनही कडू 'आयपीए'ची लाट आली आणि 'विकेड'चे उत्पादन २०११ मध्ये थांबले. आपल्याकडे पुण्यात २००९ मध्ये 'डूलाली' सुरू झाल्यानंतर ताज्या, गाळ्यावरच तयार होणाऱ्या बीअरची ओळख वाढली.

आता दुसरा गैरसमज. ब्राऊन एल बेचव लागते, याचे कारण बहुधा ती अतिथंड असते. गारठ्यात सुगंधी द्रव्ये उडत नाहीत आणि जीभही बधिर होते. फ्रिजमधून काढून पंधरा-वीस मिनिटे ठेवावी. दहा ते तेरा अंश सेल्सिअस तापमान तिला मानवते. पेला स्वच्छ असावा, बर्फात ठेवलेला नसावा. आधी वास घ्यावा. भाजलेली कणीक, काकवी, शेंगदाणे असे काही ओळखीचे सापडेल. 'नट ब्राऊन' या नावात दाणे असले तरी बहुधा बीअरमध्ये नसतात. लागरपेक्षा उबदार तापमानात आंबवल्याने मनुका किंवा नासपतीची पुसट छटाही येते. घोटात आधी गोडवा, मग खरपूसपणा आणि शेवटी थोडा कडवटपणा, असा क्रम असतो. रंगहीन बाटलीतली बीअर मात्र जपून पारखावी. प्रकाशाने हॉप्समधील द्रव्ये बिघडून तिला गंधकासारखा उग्र दर्प येतो. तो या बीअरचा गुण नव्हे, दोष आहे.

सोबत काय खावे? भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणातले सुके मटण किंवा खारे दाणे तिच्याशी छान जमतात. झणझणीत रश्श्यापुढे मात्र तिचा टिकाव लागत नाही. तिथे थंडगार लागरच बरी.