जादा पकड, कोरडे बेअरिंग: ट्रॅकच्या टायरांचा आणि वॉरंटीचा इतिहास

१/ समजा, वसईच्या एखाद्या तरुणाने आपल्या स्पोर्ट्स कारचे कारखान्याने दिलेले टायर काढून शर्यतीच्या ट्रॅकसाठी बनवलेले टायर बसवले. काही महिन्यांनी इंजिन जाम झाले. कंपनी म्हणते, टायर बदलले म्हणून वॉरंटी रद्द. मालक विचारतो, टायरचा आणि इंजिनाचा संबंध काय? दोघांच्याही म्हणण्यात थोडे थोडे सत्य आहे. ते समजण्यासाठी सव्वाशे वर्षांहून अधिक मागे जावे लागते. #थ्रेड

२/ हवा भरलेल्या टायरचे पेटंट जॉन बॉईड डनलॉप या बेलफास्टमधील पशुवैद्याने १८८८ मध्ये घेतले. मोटारगाडीवर असा टायर टिकेल, यावर मात्र कोणाचा विश्वास नव्हता. १८९५ च्या पॅरिस–बोर्दो–पॅरिस शर्यतीत मिशेलिन बंधूंनी स्वतःच गाडी उतरवली. वाटेत टायर पुन्हा पुन्हा फुटले आणि गाडी फार मागे पडली; पण हवेचा टायर मोटारीचे वजन पेलू शकतो, हे लोकांनी पाहिले. त्या काळी शर्यतीचा रस्ता आणि रोजचा रस्ता एकच होता, त्यामुळे टायरही एकाच जातीचा होता.

३/ भारतात ही एकजिनसी अवस्था बराच काळ टिकली. १९२८ मध्ये सुरू झालेल्या जुहूच्या विमानतळावर १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांचे कराचीहून निघालेले टपाल-विमान उतरले. स्वातंत्र्यानंतर त्याच जुहूच्या धावपट्टीवर मोटारींच्या शर्यती झाल्या. मद्रासजवळच्या शोलावरम येथेही युद्धकाळातील धावपट्टीच शर्यतींचे मैदान बनली. खास बांधलेला ट्रॅक तेव्हा देशात नव्हता.

४/ या शर्यतींत विदेशी गाड्यांबरोबर आपल्याकडच्या फियाट आणि अँबॅसडरही धावत. फियाट बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापन केलेली कंपनी. तिचा कारखाना कुर्ल्यात होता. मूळच्या तुरिनच्या सिएट कंपनीने १९५८ मध्ये भारतात पाऊल ठेवले आणि भांडुपला टायर बनू लागले. पुढे ‘प्रीमियर पद्मिनी’ म्हणून ओळखल्या गेलेल्या फियाटचे इंजिन १०८९ सीसीचे, सुमारे ४० अश्वशक्तीचे होते.

५/ या गाड्यांची एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. अरुंद, टणक टायरांवर वळण वेगाने घेतले, की टायर आधी घसरे. चालकाला वेग कमी करावाच लागे. म्हणजे टायरची दुबळी पकड ही एका अर्थाने इंजिनाचीही राखण करीत होती. इंजिनाला किती ताण सोसावा लागेल, याची वरची मर्यादा टायरच ठरवत होता.

६/ ही मर्यादा शर्यतीच्या जगात भराभर वर सरकली. मिशेलिनचा रेडियल टायर १९४९ मध्ये बाजारात आला. १९६८ मध्ये फॉर्म्युला वनच्या गाड्यांवर पंख दिसू लागले. हवेचा दाब गाडीला जमिनीवर रेटू लागला. १९७१ मध्ये फायरस्टोनने फॉर्म्युला वनमध्ये ‘स्लिक’ आणला. त्यावर नक्षी नव्हती, खाचा नव्हत्या; होता तो सलग मऊ रबर. कोरड्या ट्रॅकवर तापला, की तो डांबराला चिकटल्यासारखा धरून राहतो. शर्यतीचा टायर आणि रस्त्याचा टायर यांची वाट येथून स्पष्टपणे वेगळी झाली.

७/ आता इंजिनाकडे वळू. साध्या गाडीत इंजिनाचे तेल तळाच्या भांड्यात साठते. गॅरेजमध्ये त्याला ‘चेंबर’ म्हणतात. त्यात बुडालेल्या नळीतून पंप तेल ओढतो आणि क्रँकशाफ्टच्या बेअरिंगपर्यंत पोहोचवतो. धातू आणि धातू यांच्यामध्ये केसापेक्षा पातळ असा तेलाचा थर असतो. इंजिनाचे आयुष्य त्या थरावर उभे असते.

८/ गाडी वळते तेव्हा हातातल्या पेल्यातले पाणी कलावे तसे हे तेल बाहेरच्या बाजूला कलते. किती कलते, हे साध्या गणिताने सांगता येते. वळणातला आडवा जोर गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ पट असेल, तर तेलाचा पृष्ठभाग सुमारे ३९ अंशांनी कलतो. जोर गुरुत्वाकर्षणाएवढा झाला, की बरोबर ४५ अंशांनी. १.२ पट झाला, की सुमारे ५० अंशांनी. लांबलचक वळणात ही स्थिती काही सेकंद टिकली, तर नळीचे तोंड उघडे पडते. पंप तेलाऐवजी हवा ओढतो, बेअरिंग कोरडे पडते आणि इंजिन जाम होते.

९/ म्हणजे टायरचा इंजिनाशी संबंध आहे आणि तो तेलाच्या वाटेने आहे. हे शर्यतीच्या अभियंत्यांना फार पूर्वी उमगले होते. त्यांनी ‘ड्राय संप’ पद्धत स्वीकारली. तीत तेल चेंबरमध्ये साठू न देता वेगळ्या पंपाने उपसून उंच टाकीत नेतात आणि तेथून बेअरिंगकडे पाठवतात. १९६७ च्या प्रसिद्ध कॉसवर्थ डीएफव्ही इंजिनात हीच व्यवस्था होती.

१०/ पुढे रस्त्यावर चालवण्यास मान्यता असलेले, पण ट्रॅकच्या जातीचे ‘सेमी-स्लिक’ टायर आले. नक्षी उथळ, रबर मऊ. काही कंपन्या असे टायर स्वतःच पुरवतात. पोर्शे ९११ जीटी३ ही त्यांतली एक गाडी. पण १९९९ मध्ये आलेल्या पहिल्या जीटी३ पासूनच तिच्या इंजिनाला ड्राय संप आहे. तेथे टायर आणि इंजिन एकमेकांना धरून घडवले गेले. साध्या चेंबरच्या गाडीवर तोच टायर चढवला, तर हा हिशेब बिघडू शकतो.

११/ वसईच्या बाबतीत आणखी एक हिशेब येतो, पावसाचा. १९६३ मध्ये नासाच्या वॉल्टर हॉर्न आणि रॉबर्ट ड्रेहर यांनी पाण्यावर टायर तरंगू लागण्याचे सूत्र मांडले. अभ्यास विमानांच्या चाकांचा होता. नक्षीला पाणी बाहेर फेकता आले नाही, तर ३२ पौंड हवा भरलेला टायर ताशी सुमारे ९४ किलोमीटरला रस्ता सोडतो, असे त्या सूत्रातून निघते. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्यात रेल्वेचे रूळ पाण्याखाली गेले होते. अशा पावसाच्या प्रदेशात चिंचोटी ते खानिवडे हा महामार्ग उथळ नक्षीच्या टायरांवर कापणे, ही वॉरंटीपेक्षा मोठी जोखीम आहे. तीत मागच्या-पुढच्या गाड्यांतली माणसेही ओढली जातात.

१२/ आता कायद्याचा इतिहास. ‘ग्राहकाने पारखून घ्यावे’ हे ब्रिटिश काळापासूनचे मूळ तत्त्व. १९३० च्या वस्तुविक्री कायद्याने त्याला काही अपवाद दिले. अमेरिकेत १९७५ चा मॅग्नुसन-मॉस कायदा आला. आमचाच सुटा भाग वापरला पाहिजे, अशी अट घालून वॉरंटी बांधून ठेवण्यास त्याने मनाई केली. भारतात १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आला आणि सामान्य खरेदीदाराला दाद मागण्याचे स्वतंत्र दार उघडले. त्याची जागा पुढे २०१९ च्या कायद्याने घेतली.

१३/ या वादाच्या सर्वांत जवळचा भारतीय निवाडा २५ ऑगस्ट २०१४ चा. स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना सुट्या भागांच्या मक्तेदारीबद्दल मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड केला. त्यावर पुढे अपिले झाली. त्या आदेशात वॉरंटीबद्दलही एक सूत्र होते: बाहेरच्या गॅरेजात काम केले, एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले, तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. निवाडा टायरांचा नव्हता, पण त्यामागचा विचार येथेही लागू पडण्याजोगा आहे. बदल केला, एवढे म्हणणे पुरेसे नाही. त्या बदलामुळेच हे नुकसान झाले, हे दाखवता आले पाहिजे.

१४/ दाखवायचे कशाने? २००८ च्या सुमारास अमेरिकेत निस्सान जीटी-आरच्या काही मालकांचे गिअरबॉक्स निकामी झाले. गाडी घसरू न देणारी यंत्रणा बंद ठेवून चालवल्याने नुकसान झाले तर वॉरंटी नाही, अशी कंपनीची भूमिका होती. ती यंत्रणा केव्हा बंद होती, याची नोंद गाडीच्या संगणकातच राहत होती. गाडीच मालकाविरुद्ध साक्षीदार झाली. कंपनीने पुढे संगणकाची आज्ञावली बदलली.

१५/ तेव्हा सुरुवातीच्या वादाचे उत्तर असे. टायर बदलल्यावर खिडकीची मोटर किंवा एसी बिघडला, तर टायरकडे बोट दाखवणे कंपनीला शोभत नाही. पण बेअरिंग कोरडे पडून जळाले असेल आणि संगणकात ट्रॅकवरच्या लांब वळणांची नोंद असेल, तर ‘टायरचा संबंध काय’ हा प्रश्न मालकालाही विचारता येणार नाही. शिवाय शर्यतीतला वापर बहुतेक वॉरंटीपत्रांत आधीच वगळलेला असतो. ती ओळ वाचण्याची वेळ टायर विकत घेण्यापूर्वीची आहे.

१६/ जुहूच्या धावपट्टीवर फियाटचा टायर किंचाळत घसरे, तेव्हा तो चालकाला गाडीची हद्द सांगत असे. आजचा मऊ टायर ती हद्द पुढे ढकलतो आणि वळणात निमूटपणे धरून राहतो. तेवढ्या वेळात चेंबरमधले तेल मात्र एका बाजूला गेलेले असते.